फळमाशीची शिदोरी झाडाखालीच

मोर्शी तालुक्यात, हिवरखेडच्या शिवारात आंबिया बहाराची फळं रंगावर आली की बागायतदाराचं लक्ष झाडापेक्षा झाडाखालीच जास्त असतं. गळालेलं एखादं संत्रं उचलून पाहा. सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक, भोवती मऊ पडलेला पिवळट डाग. फोड उकलली की आत पांढरट अळ्या. एखादी तळहातावर घेतली तर अंग मुडपून टुणकन उडी मारते. फळगळीची कारणं अनेक आहेत, पण हा डंख फळमाशीचाच.

आपण तिच्याशी लढतो ते ती उडायला लागल्यावर. माझ्या मते तिथे आपल्याला उशीर झालेला असतो. पंख फुटलेली माशी पुढे वाढत नाही. तिचं आकारमान अळीपणीच ठरतं आणि सुरुवातीच्या दिवसांत पुरणारी चरबीही ती त्याच गळालेल्या फळातून घेऊन निघते.

हे सगळ्यात बारकाईने तपासलं गेलंय ते पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांवर, म्हणजे ड्रोसोफिलावर. संत्र्यातली माशी बॅक्ट्रोसेरा, तिचं कूळ वेगळं. तरी चिलटांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. २५ अंशांवर चिलटाची अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात, १८ अंशांवर जवळपास दुप्पट. उष्णतेत वाढ घाईने उरकते आणि माशी लहान निपजते. गारव्यात वेळ लागतो, पण अंगाने मोठी होते.

साठवणही जागेप्रमाणे बदलते. रोहतकचे रवी प्रकाश, फ्रान्सचे जाँ डेव्हिड आणि सहकाऱ्यांनी भारताच्या दक्षिणेपासून उत्तरेपर्यंतची चिलटं गोळा करून प्रयोगशाळेत वाढवली. १९९८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तीन जाती तपासल्या, तिन्हींत कल एकच निघाला: दक्षिणेकडच्या माश्या उपाशी जास्त दिवस तगल्या, उत्तरेकडच्या कोरड्या हवेत जास्त वेळ टिकल्या. उपासाला चरबी कामी येते. कोरडेपणात अंगातलं पाणी धरून ठेवणं महत्त्वाचं. एकाच जातीची माशी मुलूख बदलला की वेगळं काहीतरी जपते.

संत्रा उत्पादकाला हे नवं वाटू नये. आंबिया बहार घेताना आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो. नवी पालवी थांबते, अन्न फांद्यांत साठतं आणि पाणी सोडलं की बहार फुटतो. वाढ आणि साठवण यांचा हाच हिशेब कीटकाच्या अंगातही चालू असतो.

आता आपलं वऱ्हाड पाहा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, ऑगस्टमध्ये चिखल आणि दमट हवा, डिसेंबरात पहाटेची बोचरी थंडी. चिलटांच्या अभ्यासात जे फरक शेकडो मैलांवर दिसले, तसे कोरडे आणि ओले दिवस इथे एकाच बांधावर वर्षभरात येऊन जातात. म्हणून दुसऱ्या मुलखातलं फवारणीचं वेळापत्रक जसंच्या तसं इथे लावणं मला पटत नाही.

सापळ्यांचंही तसंच. मिथाइल युजेनॉलकडे फळमाशीचे नर ओढले जातात, हे बिहारमधल्या पुसा इथे हॉलेट यांनी १९१५ सालीच दाखवलं होतं. आपल्या तुळशीतही ते असतं. सापळे लावाच. पण त्यात नर मरतात, आणि डंख मारते ती मादी. थोडे नर उरले तरी त्यांना पुष्कळ माद्या फळवता येतात. मादीची अडचण वेगळीच आहे. अळीपणीची शिदोरी अंडी पिकवायला पुरत नाही. मातीतून वर आल्यावर आठवडा-दोन आठवडे तिला प्रथिनं शोधत हिंडावं लागतं. प्रथिनयुक्त आमिष याच दिवसांत उपयोगी पडतं, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते.

त्याहून स्वस्त काम म्हणजे गळालेली फळं रोज वेचणं आणि दोन फूट खोल पुरणं. अळी फळातून निघून एक-दोन इंच मातीत शिरली, कोष झाला, की ती हाती लागत नाही. ही वेचणी एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या बांधावर सडकी फळं पडून राहिली तर आपली मेहनत तिथेच वाया जाते. मजुरी परवडत नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून वेचणीची मजुरी सामूहिक कीडनियंत्रणाच्या खर्चात धरली गेली पाहिजे.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या दोघांकडे माझी मागणी अशी: मोर्शी-वरूडच्या बागांतली माशी दर महिन्याला पकडा, तिचं वजन आणि चरबी मोजा, मादीच्या पोटात अंडी कधी पिकतात ते नोंदवा. आमिष कोणत्या आठवड्यात मारायचं ते त्या नोंदींवरून सांगा, आणि ते हिवरखेडच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावा.