सलोखा आणि शांतता : एका शब्दभेदाचे समर्थन

शांतीविषयी मराठीत जे विवेचन होते त्यात दोन मते वारंवार गृहीत धरली जातात, आणि ती सहसा कोणी उघडपणे मांडत नसल्यामुळे त्यांची तपासणीही होत नाही. पहिले मत असे की, ज्या भाषेने शांतीचा शब्द परभाषेतून उसना घेतला तिच्या भाषकांजवळ ती कल्पना मुळात नव्हती. म्हणून मराठीनेही ‘सलोखा’, ‘अमन’ असे अरबी-फारसी वळणाचे शब्द बाजूला सारून संस्कृत ‘शांती’वरच विसंबावे. दुसरे मत कारभाराच्या भाषेत मुरलेले आहे: ज्या वस्तीत गडबड नाही तिथे शांतता आहे, आणि शांतता आहे तिथे आणखी काही करण्याची गरज उरत नाही. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि एकाच जिन्यावर चार भाषा बोलल्या जाणाऱ्या मुंबईच्या उपनगरांत ती घातकही ठरतात.

पहिल्या मताचा पडताळा पश्चिम आफ्रिकेत चांगला घेता येतो. नायजेरियाच्या नैऋत्य भागात आणि लगतच्या बेनिन देशात बोलल्या जाणाऱ्या योरुबा भाषेत शांतीला ‘आलाफिया’ म्हणतात. आरोग्य, सुखरूपपणा असा अर्थ असणाऱ्या अरबी ‘अल-आफिया’चे हे रूप असून, सहारा ओलांडून आलेल्या व्यापाराबरोबर आणि इस्लामी विद्येबरोबर तो शब्द त्या मुलखात पोहोचला. उत्तरेच्या हाउसा भाषेत त्याचाच ‘लाफिया’ झाला, आणि शांतीला तिथे ‘झमान लाफिया’, म्हणजे सुखरूप नांदणे, असे म्हणतात. योरुबांजवळ एकोप्यासाठी ‘इरेपो’ हा स्वतःचा शब्द होताच. तरीही त्यांनी पाहुणा शब्द ठेवून घेतला आणि इतका आपलासा केला की, सॅम्युअल अजायी क्राउदर यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या योरुबा बायबलातही शांतीसाठी तोच योजला गेला. एका धर्माच्या प्रसाराबरोबर आलेला शब्द दुसऱ्या धर्माच्या ग्रंथात निःसंकोच नांदतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शेजारच्या एवे भाषेत शांतीचा शब्द ‘अंगाचा गारवा’ अशा अर्थाचा आहे, तर इग्बो भाषेत ‘उडो’ हा अस्सल देशी शब्द आहे. पण देशी शब्द जवळ असल्यामुळे इग्बोंना १९६७ ते १९७० चे बियाफ्राचे युद्ध चुकले नाही, आणि उसना शब्द घेतल्यामुळे योरुबा काही शांतीला पारखे झाले नाहीत. शब्दाच्या कुळावरून समाजाच्या स्वभावाचे अनुमान काढण्याची पद्धतच मुळात टाकाऊ आहे.

मराठीची स्थिती याहून निराळी नाही. ज्या धातूपासून ‘आफिया’ निघाला त्याच अरबी धातूपासून मराठीतला ‘माफ’ आणि ‘माफी’ निघाले, म्हणजे योरुबांची शांती आणि मराठी माणसाची माफी ही एकाच मुळाची पालवी आहे. ‘अमन’च्या कुळातले ‘अनामत’ आणि ‘इमान’ हे शब्द मराठीने कधीच परके मानले नाहीत. ‘सलोखा’चे नाते कोशकार अरबी ‘सुलूक’, म्हणजे वागणूक, या शब्दाशी जोडतात, आणि मराठीतला त्याचा उपयोग त्या अर्थाला धरूनच आहे: सलोख्याने राहणे म्हणजे एकमेकांशी नीट वागून राहणे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘महापौर’, ‘दिनांक’ असे उपयुक्त शब्द दिले, हे मान्यच केले पाहिजे. पण पदनामाला किंवा तारखेला प्रतिशब्द घडवणे वेगळे, आणि दोन शेजाऱ्यांमधल्या संबंधाचा शब्द त्यांच्यातल्या एकाच्या कोशातून निवडून काढणे वेगळे. गुजराती भाषेने ही अडचण फार सुंदर रीतीने सोडवली आहे. घाटकोपर किंवा मुलुंडचा गुजराती वाचक वर्तमानपत्रात ‘सुलेहशांती’ हा शब्द वाचतो, तेव्हा अरबी ‘सुल्ह’ आणि संस्कृत ‘शांती’ यांचा तो समास आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही, इतका तो एकजीव झालेला आहे.

दुसऱ्या मताचा विचार अधिक विस्ताराने करावा लागतो, कारण त्याच्यामागे कायद्याचे बळ आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटरचे क्षेत्र ‘शांतता क्षेत्र’ म्हणून जाहीर करता येते, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल इतकी असते. तोच शब्द पोलीस ठाण्याच्या ‘शांतता समिती’ला लागतो आणि ‘शांतता भंग’ या कलमी प्रयोगातही येतो. आवाज नसणे आणि वैर नसणे या दोन वेगळ्या गोष्टी अशा रीतीने एकाच नावाखाली आल्या आहेत. पोलीस ठाण्यात जिला ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती कारवाई या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणातील कलम १०७ प्रमाणे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ प्रमाणे, भांडखोर ठरलेल्या माणसाकडून जास्तीत जास्त एक वर्ष शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेता येते. हे बंधपत्र तो माणूस शासनाला देतो. ज्या शेजाऱ्याशी त्याचे भांडण आहे त्याला तो काहीच लिहून देत नाही, आणि मुदत संपली की बंधन सुटते, तेढ मात्र जिथल्या तिथे राहते.

‘तह’ या शब्दाचीही हीच मर्यादा आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर उभी आहेत, ते बेट १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसईच्या तहाने पोर्तुगीजांना दिले, आणि पुढे मराठ्यांकडून इंग्रजांनी घेतलेल्या त्याच बेटावर १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांचा ताबा कायम झाला. दोन्ही तहांनी सत्ताधीशांमधली लढाई थांबवली. साष्टीतल्या कोळी, आगरी, कुणबी रहिवाशांचे मत कोणी विचारले नव्हते.

शांततेला सलोखा समजण्याची किंमत या उपनगरांनी मोजलेली आहे. जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरी पूर्वेच्या राधाबाई चाळीत रात्री घर पेटवून माणसे जाळण्यात आली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन टप्प्यांत झालेल्या मुंबईच्या दंगलींत मिळून ९०० माणसे मारली गेली, आणि त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. संचारबंदीने रस्ते शांत झाले, परंतु त्या शांततेत अनेक मुसलमान कुटुंबे मुंब्रा, मीरा रोड अशा ठिकाणी निघून गेली आणि मिश्र वस्त्या विरळ झाल्या. दोन समाजांनी एकमेकांपासून दूर होऊन गप्प बसणे हे ज्या शब्दात बसते, तो शब्द शांतीचे वर्णन करण्यास अपुरा आहे.

याच्या उलट उदाहरण फार लांबचे नाही. भिवंडी १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींनी होरपळली होती. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, ज्यांत दोन्ही समाजांचे साधे रहिवासी आणि पोलीस एकत्र बसत आणि किरकोळ कुरबुरी वाढण्याआधीच मिटवत. मुंबई जळत असताना भिवंडी पेटली नाही. हाच धडा घेऊन पोलीस अधिकारी सतीश साहनी व ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या प्रयत्नांतून मुंबईत मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली, आणि वस्त्यांतल्या तरुणांचे क्रिकेटचे सामने हा तिच्या कामाचा भाग झाला.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. आधी दगडफेक थांबली पाहिजे, सलोखा नंतरचा, हा पहिला आक्षेप खरा आहे आणि तो मान्यही आहे. प्रश्न एवढाच की, दगडफेक थांबल्यावर काम संपले असे मानायचे का. दुसरा आक्षेप असा की, सलोख्याच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवले जाते. मुंबईत अशा मिटवामिटवीला ‘मांडवली’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि तिच्यात वजनदार मध्यस्थाचा धाक असतो. सलोख्याला मात्र देवाणघेवाण लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये शेतजमिनींच्या अदलाबदलीसाठी जी योजना आणली तिचे नाव ‘सलोखा’ आहे, आणि तिच्यात किमान १२ वर्षे एकमेकांची जमीन कसणाऱ्या दोन शेतकऱ्यांना प्रत्येकी हजार रुपयांच्या मुद्रांक व नोंदणी शुल्कात ताब्याप्रमाणे मालकी बदलून घेता येते. दोघांच्याही पदरात काही पडते, म्हणून तो सलोखा ठरतो. १९९३ च्या पीडितांच्या पदरात न्याय पडल्याशिवाय त्यांच्याकडे माफी किंवा सलोखा मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेव्हा अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या पोलीस ठाण्यांनी आपल्या शांतता समित्यांना ‘सलोखा समिती’ हे नाव द्यावे, त्यांच्या बैठका गणेशोत्सव आणि मोहरम यांच्या तोंडावर उरकून न टाकता एरवीच्या महिन्यांतही घ्याव्यात, आणि किती दिवस गडबड झाली नाही याबरोबरच कोणत्या दोन घरांमधले बोलणे पुन्हा सुरू झाले, याचीही नोंद ठेवावी.