कान पिळण्याचा हक्क

मुळात मी भांडकुदळ माणूस नाही. वीस-बावीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस भांडकुदळ राहूच शकत नाही. काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक दोघांच्या वाटचं भांडण एकट्याने उरकून जातं. आपल्या वाट्याला उरते ती सही. पण आज मी बाह्या सरसावून बसलो आहे. वस्तूंचा कान पिळण्याचा माणसाचा जो हक्क, तो आपल्या डोळ्यांदेखत काढून घेतला जातो आहे आणि कोणी ब्र काढत नाही.

कान म्हणजे नॉब. आमच्या वडिलांनी त्याला नॉब कधी म्हटलं नाही. 'रेडिओचा कान पीळ जरा' असा हुकूम सुटायचा आणि काटोलच्या घरात नागपूर आकाशवाणी बोलू लागायची. त्या कानाला वजन होतं. स्टेशन जवळ आलं की खरखर विरळ व्हायची आणि बोटं आपसूक सावकाश व्हायची. मग ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. त्याचा चॅनेलचा कान खटखट वाजत फिरायचा. वर्षभरात तो मोडला आणि त्याच्या जागी पकड आली. आमची पकड हत्यारांच्या डब्यात नव्हे, टीव्हीवर विणलेल्या रुमालावर असायची. पाहुणे तिला शोभेची वस्तू समजत. पण पकडीतूनसुद्धा खटका हाताला कळायचा, हे ध्यानात ठेवा.

आता सगळीकडे काच. गाडीतलं गाणं काचेवर, स्वयंपाकाची शेगडी काचेवर, बँकेतलं यंत्र काचेवर. काचेवर बोट फिरवा, ती मूग गिळून बसते. तिने ऐकलं की नाही, हे पाहायला पुन्हा डोळे लागतात.

मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हाला दुहेरी नोंद शिकवलेली. हाताने जोर दिला, तो नावे. वस्तूने हाताला काही परत दिलं, ते जमा. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरचे पाच खटके म्हणजे पाच पावत्या. काच मात्र ठेव घेते आणि पावती देत नाही. अशा पेढीला बाजारात काय म्हणतात, ते मी सांगायला नको.

हे सगळं मी मनातल्या मनात पुटपुटत होतो. तोंड फुटलं ते दिवाळीत, पुण्याहून भाचा आला तेव्हा. इंजिनिअर आहे. त्याने फराळाच्या डब्यांशेजारी एक खोकं उघडलं. आत पत्र्याच्या अरुंद पट्ट्या, पट्ट्यांना भोकं आणि भोकाभोकांतून रंगीत वायरी. बायको म्हणाली, "टेलिफोन एक्स्चेंज कोणाचं उचलून आणलंस रे?"

तो मॉड्युलर सिंथेसायझर निघाला. एक पट्टी सूर काढते, दुसरी त्याला गाळून घेते, तिसरी लहानमोठा करते. कोणाची वायर कोणात खुपसायची, हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. असली यंत्रं १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी बनवली. (त्या गृहस्थांच्या नावाचा खरा उच्चार 'मोग' आहे म्हणतात. गोव्याकडे मोग म्हणजे प्रेम. ते काही का असेना, निदान त्यांचं यंत्र मूग गिळून बसत नाही.) आपल्याकडेही हे फॅड कालचं नाही. अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ सालीच डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला होता आणि गीता साराभाईंसारख्या जाणकार त्यावर काम करत होत्या.

आता हिशेब पाहा. या यंत्रात विजेचा दाब एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. साधा नॉब फिरतो सुमारे ३०० अंश. त्यात पाच सप्तकं बसवली, तर साठ स्वर झाले, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला ५ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. म्हणजे षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यात मिनिटभराचीही जागा नाही! बावीस श्रुती धरल्या, तर एकीला तीन अंशसुद्धा येत नाहीत. कान सुरात गुंतलेला, डोळे वायरींत अडकलेले. मोकळा उरला तो हात, आणि त्याला कोणी काही सांगत नाही.

भाच्याने एक जाडसर नॉब पुढे केला. "मामा, फिरवून पाहा."

फिरवला. हाताला बारीक खाचा लागल्या, सप्तकाला बारा. त्याने लॅपटॉपवर काहीतरी टिचकवलं. "आता?" त्याच नॉबला सप्तकात पाचच खाचा! "मालकंस," तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला गंधाराच्या जागी खाच नव्हतीच. एक मऊ खळगा होता, गादीत कोपर रुतावं तसा. हात त्यात डुलत राहायचा. "दरबारी का रे?" मी विचारलं. भाचा खूश झाला. वडिलांच्या भजनी मंडळात एवढा कान माझाही पिळला गेला होता.

नॉबच्या आत दाते नाहीत, स्प्रिंग नाही. एक छोटी मोटर आहे. तिच्या दांड्याच्या टोकाला लोहचुंबक. तो किती फिरला, हे एक चिप सेकंदाला शेकडो वेळा पाहते, आणि त्या हिशेबाने मोटर तुमच्या बोटांना ढकलते, ओढते किंवा अडवते. खाच हवी तर खाच, भिंत हवी तर भिंत. स्कॉट बेझेक नावाच्या अमेरिकन माणसाने अशाच एका नॉबचे सगळे आराखडे २०२२ साली फुकट खुले केले. फुकट म्हटल्यावर माझा त्या माणसाविषयीचा आदर दुणावला.

आणखी एक गोष्ट. संगणकाला जोडलेला साधा नॉब लबाड असतो. कालची सुरावट परत बोलावली तर सूर कालचा येतो आणि नॉब उभा आजच्याच जागी. लेजर एक सांगतं, रोकड दुसरंच. मोटरवाला नॉब आपल्या पायाने कालच्या जागी जाऊन उभा राहतो. संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत घरी न गेलेल्या माणसालाच याचं मोल कळेल.

हे ऑफिसात सांगितल्यावर आमच्या एका सहकाऱ्याने नाक मुरडलं. "खोटं आहे सारं. खाच नाहीच, नुसता भास." ठीक. मग मिरजेच्या तंबोऱ्याचं काय करता? खुंटी घसरू नये म्हणून वादक तिला खडू लावतो. तो अडसर काही झाडाला लागत नाही. हाताला हवा म्हणून माणूसच तो घालतो. काल खडूने घातला, आज विजेने. लाकडाचा खरा आणि मोटरचा खोटा, हा भेद बोटांना कळत नाही. तो नुसत्या तोंडाला कळतो.

दुसरा आक्षेप असा, की हे रिकामटेकड्यांचे चोचले. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा खलाशी गेले. सुकाणू नेमकं कोणत्या टेबलावर आहे, याचाच गोंधळ झाला होता. शिकवणही अपुरी होती, हे खरंच. पण चौकशीत त्या काचेच्या पडद्यांवरही ठपका आला, आणि २०१९ साली त्यांच्या नौदलाने इंजिनाच्या वेगासाठी पुन्हा हातात धरायचे दांडे बसवायचं ठरवलं. युरोपात मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या संस्थेनेही २०२६ पासून हॉर्न, वायपर, इशाऱ्याचे दिवे यांना खरी बटणं मागितली आहेत. हे सगळे रिकामटेकडे म्हणायचे?

सिंगापूर लांब वाटत असेल तर आमच्या काउंटरवर या. एक आजी पेन्शनीला येतात. सारा जन्म संत्र्याच्या बागेत गेला. फळ अंगठ्याने दाबून आत पोकळ आहे की रसाचं, ते सांगतात. त्या नव्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या आणि पाच मिनिटांनी माझ्याकडे आल्या. "साहेब, माह्या बोटाले हे काच वळखतच नाही नं! मेली का काय मी?" कामाने घट्टे पडलेलं, कोरडं बोट काचेला खरोखरच कळत नाही. मी स्लिप भरून पैसे दिले. आजींनी मान वरही न करता, नुसत्या अंगठ्याने नोटा मोजल्या. रिझर्व्ह बँकेला ही अक्कल आहे, वाचकहो! शंभराच्या कडेला चार उठाव रेघा, पाचशेच्या कडेला पाच. न दिसणाऱ्यालाही नोट ओळखता यावी म्हणून. नोट हाताशी बोलते आणि नोट देणारं यंत्र बोलत नाही, हा कुठला न्याय?

काच नकोच, असं मी म्हणत नाही. नकाशे पाहावेत, लग्नाचे फोटो पाहावेत. पण जिथे कमीजास्त करायचं, चालूबंद करायचं, तिथे हाताला धरायला काहीतरी द्या, आणि त्याने हाताला उत्तर द्यावं. आवाज बंद असलेलं यंत्र आपण दुरुस्तीला टाकतो. स्पर्श बंद असलेल्याला आधुनिक म्हणतो.

भाच्याच्या नॉबमध्ये एक दोष आहे, तोही सांगून टाकतो. भाऊबीजेला लाईन गेली आणि मालकंस, दरबारी सगळे एका क्षणात गुळगुळीत झाले. "मामा, बॅटरी लावतो पुढच्या वेळी," भाचा अंधारात म्हणाला. मी आवाजाच्या अंदाजाने हात पुढे केला आणि त्याचा कान पिळला.

"आई गं!" पावती लगेच मिळाली.