कुलूपबंद यंत्र आणि रस्त्यावरचा कारागीर

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकापासून हाकेच्या अंतरावर दुचाकी दुरुस्तीची चार-दोन गॅरेजे असतातच. वर पत्र्याची शेड, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, ऑईलने काळवंडलेली जमीन, एक मिस्त्री आणि हाताखाली एक-दोन पोरे. मुलांची शाळा, वडिलांची दवाखान्याची वेळ, सूनबाईंची नोकरी हे सारे ज्या दुचाकीवर अवलंबून असते, ती दुचाकी या मिस्त्रीच्या हातावर अवलंबून असते. असे असूनही तंत्रज्ञानाने समाजजीवनात घडविलेल्या स्थित्यंतराची चर्चा निघते तेव्हा या माणसाची आठवण कोणालाही होत नाही. संगणक अभियंत्यांच्या मानसिक ताणावर परिसंवाद भरतात. मिस्त्रीच्या ताणाला मात्र ‘गाडी द्यायला नेहमीच उशीर करतो’ एवढेच नाव मिळते.

हा उशीर का होतो, याचा विचार केला तर प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही असे दिसून येईल.

सकाळी शटर वर जाण्यापूर्वीच भ्रमणध्वनी वाजू लागतो. ‘दादा, झाली का गाडी?’ या एकाच प्रश्नाला दिवसभरात तीस-चाळीस वेळा उत्तर द्यावे लागते आणि प्रत्येक वेळी ऑईलचे हात पुसून, हातातले काम खाली ठेवावे लागते. कोणी इंजिनाचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवितो आणि तेवढ्यावरून दोष सांगण्याची अपेक्षा धरतो. कोणी चित्रफीत पाहून आलेला असतो व कोणता भाग बदलायचा हे मिस्त्रीलाच शिकवितो. सुटा भाग मागवायचा तर पूर्वी दुकानदाराला जुना भाग दाखविला की काम होत असे. आता एकाच नावाच्या गाडीचे घटक मध्येच बदललेले असतात, चॅसिस क्रमांक टाकून मागणी नोंदवावी लागते, आणि तरीही हाती आलेला भाग बसेलच याची शाश्वती नसते. तोवर उघडलेली गाडी शेडमध्ये जागा अडवून उभी. संध्याकाळी पैसे घेताना नेटवर्क गायब. ‘पाठवले आहेत, बघा’ असे सांगून गिऱ्हाईक निघून जाते आणि मिस्त्री रात्री हिशेब जुळवीत बसतो. पावसाळ्यात वायरिंगच्या कपलरमध्ये पाणी शिरलेल्या गाड्यांची रांग लागते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तर साऱ्या गावाला एकाच आठवड्यात सर्व्हिसिंग करून हवे असते.

कामाचा रगाडा हा कारागिराला नवा नाही. नवे आहे ते वेगळेच. ज्या कौशल्याच्या बळावर तो हा रगाडा उपसत आला, त्या कौशल्याच्या पायाखालची जमीनच सरकली आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज ६’ ही प्रदूषणविषयक मानके सर्वत्र लागू झाली. चौथ्या टप्प्यावरून पाचवा वगळून थेट सहाव्या टप्प्यावर घेतलेली ही उडी होती. हवेच्या शुद्धतेच्या दृष्टीने ती स्वागतार्हच होती, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तिचा परिणाम म्हणून मोटारींतून आधीच गेलेला कार्ब्युरेटर बहुतेक दुचाकींतूनही गेला आणि त्याच्या जागी विद्युत-नियंत्रित इंधन-फवारणी आली. पूर्वी एका स्क्रूला अर्धा फेरा देऊन, इंजिनाचा ठोका कानाने ऐकून, प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिस्त्री हवा आणि पेट्रोलचे प्रमाण जुळवीत असे. आता ते प्रमाण गाडीतील छोटा संगणक ठरवितो. हवेचा दाब, इंजिनाचे तापमान, थ्रॉटलची उघडीप, धुरातील प्राणवायू यांची मापे निरनिराळे सेन्सर त्याला क्षणोक्षणी पुरवितात. बिघाड झाला की दर्शनी पट्टीवर पिवळा दिवा लागतो आणि संगणकात एक संकेतांक नोंदला जातो. तो वाचण्यासाठी स्कॅनर लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. यंत्र लावले की दोष आपोआप कळतो, मग मिस्त्रीचे कौशल्य ते काय उरले, असे सुशिक्षित माणसेही म्हणताना आढळतात. वस्तुस्थिती निराळी आहे. मोटारींच्या दुरुस्तीत नेहमी आढळणारा ‘पी ०१७१’ हा संकेतांक घ्या. मिश्रणात इंधन कमी आणि हवा अधिक आहे, एवढेच तो सांगतो. मात्र यामागे फाटलेली रबरी नळी असू शकते, दुबळा झालेला इंधनपंप असू शकतो, तुंबलेला इंजेक्टर असू शकतो किंवा खुद्द सेन्सरच चुकीची वर्दी देत असू शकतो. संकेतांक ताप आहे एवढे सांगतो. तापाचे कारण वैद्यालाच शोधावे लागते. जो ते शोधत नाही तो एकामागून एक महागडे भाग बदलत सुटतो आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो. म्हणजेच नव्या युगात कौशल्याची गरज संपलेली नसून ती वाढली आहे. मात्र ते कौशल्य मिळविण्याचे मार्ग अरुंद झाले आहेत.

या अडचणीचे मूळ कुलपात आहे. स्कॅनर काही हजार रुपयांतही मिळतो आणि लाखाच्या घरातही जातो. स्वस्त असतो तो संकेतांक वाचतो, पण पुढचे काम करू शकत नाही. महागड्याला दरवर्षी अद्ययावत करण्याचे शुल्क भरावे लागते. अनेक डिझेल मोटारींत नवा इंजेक्टर बसविला तर त्याच्यावर छापलेला क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो. नवी किल्ली करायची तर संगणकाला तिची ओळख पटवून द्यावी लागते. ही दारे उघडण्याचे अधिकार बहुधा उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राकडेच असतात. वायरिंगचा नकाशा, मापांच्या मर्यादा, दुरुस्तीची क्रमवार पद्धत ही माहितीही तेथेच राहते. विजेवर चालणाऱ्या दुचाकींमध्ये तर बॅटरी आणि तिचे नियमन करणारी यंत्रणा बंद पेटीतच येते. सारांश, दोष डोळ्यांना दिसतो, तो काढण्याची हातोटीही आहे, पण परवानगी नाही, अशा विचित्र कोंडीत हा कारागीर सापडला आहे.

ही केवळ कारागिराची तक्रार आहे असे कोणी समजू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात देशातील चौदा मोटार उत्पादकांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हे स्पर्धेला बाधक आहे, असा त्या आदेशाचा आशय होता. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले; पण मूळ प्रश्न त्या दिवशी अधिकृतपणे मांडला गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे संकेतस्थळही सुरू झाले. पाऊल योग्य दिशेने पडले आहे. तथापि, उत्पादकाने स्वेच्छेने चार माहितीपत्रके उपलब्ध करणे वेगळे आणि कायद्याने ती देणे त्याच्यावर बंधनकारक असणे वेगळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करणारा कायदा केला, आणि त्या धर्तीवर २०१४ मध्ये तेथील उत्पादकांनी देशभरासाठी सामंजस्य करार स्वीकारला. बाजारपेठेचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशात हे घडू शकते, तर भारतात का घडू नये?

उत्पादकांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. अर्धवट जाणकाराच्या हाती ब्रेकची वा बॅटरीची यंत्रणा गेली तर जीवाला धोका आहे. किल्लीचे संकेत सर्वांना खुले केले तर चोरांचे फावेल. संगणकाशी छेडछाड झाली तर प्रदूषणाचे नियम मोडतील. हे आक्षेप पोकळ नाहीत. परंतु त्यांवरचा उपाय कुलूप हा नव्हे, प्रशिक्षण हा आहे. विजेचे काम धोक्याचे आहे म्हणून आपण वायरमनचा धंदा बंद केला नाही. त्याची परीक्षा घेतली आणि त्याला परवाना दिला. गॅरेजच्या मिस्त्रीबाबतही हाच मार्ग का अनुसरला जाऊ नये? परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला रास्त मोबदल्यात साधने व माहिती मिळाली पाहिजे, आणि जो नियम मोडील त्याचा परवाना रद्द झाला पाहिजे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि राष्ट्राच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. किर्लोस्कर उद्योगसमूहाचा आरंभ १८८८ सालचा मानला जातो, तो बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून. दुसऱ्यांनी घडविलेले यंत्र विकता विकता, खोलता जोडता लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतःचा लोखंडी नांगर घडविण्यापर्यंत पोहोचले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. जपानचे सोइचिरो होंडा यांनीही १९२२ मध्ये टोकियोतील एका मोटारदुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी पत्करली होती. दुरुस्ती ही निर्मितीची पहिली शाळा असते. यंत्र उघडून पाहण्याची सोय नसलेल्या समाजात यंत्र वापरणारे पुष्कळ निपजतात, घडविणारे निपजत नाहीत. स्वदेशीचा विचार कारखान्याच्या फाटकापाशी सुरू होतो असे मानणे ही मोठी चूक आहे; तो गॅरेजच्या शेडमध्ये, हातात पाना धरून उभ्या असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या कुतूहलात सुरू होतो. त्या मुलाने ‘हा डबा उघडायचा नसतो’ एवढेच शिकायचे असेल, तर उद्याचा लक्ष्मणराव कोठून येणार?

शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘पी. एम. विश्वकर्मा’ योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांना तिने प्रशिक्षण, दैनिक पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज देऊ केले. कारागिराला सन्मानाने ‘विश्वकर्मा’ म्हणणारी ही दृष्टी अभिनंदनीय आहे. मात्र त्या अठरांच्या यादीत मोटार मिस्त्री नाही. एकेकाळी गाड्याच्या चाकाला धाव बसविणारा लोहार गावाचा बलुतेदार होता. आज चाक तेच काम करते, फक्त गाडी बदलली आहे. पारंपरिक व्यवसायाची व्याख्या करताना परंपरा पुढे सरकत असते याचे भान ठेवून, या योजनेची दारे त्याच्यासाठीही उघडावीत. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. संध्याकाळनंतर त्यांच्या कार्यशाळा बहुधा बंद असतात. दिवसभर गॅरेज चालविणाऱ्या माणसाला दोन वर्षांचा अभ्यासक्रम शक्य नाही. पण आठवड्यातून दोन रात्रींचा, सेन्सर आणि वायरिंगचा, मराठीतून शिकविलेला वर्ग त्याला निश्चित शक्य आहे.

सारे काही शासनानेच करावे असेही नाही. एकट्याला महाग पडणारा स्कॅनर तालुक्यातील दहा मिस्त्रींनी एकत्र येऊन घेतला तर तो परवडतो. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात हे अशक्य वाटू नये. स्वतः कारागिरांनीही ‘आमच्या वेळी हे नव्हते’ असे म्हणत हात झटकणे सोडले पाहिजे. न कळलेला दोष झाकण्यासाठी भाग बदलत जाण्याची खोड तर त्याहून आधी सोडली पाहिजे. झालेले काम आणि बदललेले भाग कागदावर लिहून देण्याची सवय लागली, तर निम्मे वाद तेथेच मिटतील.

आणि मध्यमवर्गीय घरांनी? डॉक्टरांनी नाडी पाहिल्याचे शुल्क आपण विनातक्रार देतो. मिस्त्रीने तासभर खपून दोष शोधला आणि तो दोन रुपयांच्या तारेत निघाला, तर ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ असे विचारतो. येथे मूल्य तारेचे नसते, ती सापडविणाऱ्या बुद्धीचे असते. दिलेल्या वेळेआधी दहा फोन न करणे, दोष शोधण्याची मजुरी वेगळी देणे, त्याच्या हाताखालच्या मुलाला शिकण्याविषयी दोन शब्द विचारणे यासाठी कोणत्याही कायद्याची गरज नाही.

खंडेनवमीला गॅरेजमधल्या पान्यांना हळदकुंकू लागते, झेंडूची फुले वाहिली जातात. अलीकडे अनेक ठिकाणी त्यांच्या शेजारी स्कॅनरही मांडला जातो. नव्या अवजाराला कारागिराने इतक्या सहजपणे आपल्या देवघरात घेतले आहे. त्या अवजाराचे ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम आता समाजाने आणि शासनाने केले पाहिजे.