तेल बघितलं का?

या पानावर एरवी मी ऑफिस, ट्रॅफिक आणि ईएमआय यांच्या नावाने बोटं मोडतो. आज ट्रॅक्टरबद्दल बोलणार आहे. पान उलटू नका, प्लीज! तुमच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली एखादी बाइक दोन वर्षं धूळ खात उभी असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे. आणि नसेल, तरी आठवड्यातून एकदा घरी फोन करत असालच की.

तर झालं असं. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. 'आमची' म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची. मी हिंजवडीत एसीत बसतो आणि मार्च महिन्यात 'घरची द्राक्षं' म्हणून टीममध्ये पेट्या वाटतो, एवढाच माझा शेतीशी संबंध. या बागेसाठी नानांनी २०१४ साली एक छोटा ट्रॅक्टर घेतला. छोटा म्हणजे खरंच छोटा. वेलींच्या दोन ओळींमध्ये जेमतेम आठ-नऊ फुटांची वाट, वर मांडवाच्या तारा. तिथे मोठं धूड शिरलं तर वळताना घडच तोडत जाईल. म्हणून हा कमरेइतक्या बॉनेटचा गडी. मागे औषधाची टाकी आणि फवारणीचा ब्लोअर. लहानपणी मला बाइक मिळाली नाही, पण नानांना त्यांच्या पन्नाशीत हे खेळणं मिळालं, असं मी सगळ्यांना सांगायचो.

मे २०२३ मध्ये नानांना हार्ट अटॅक आला. नाशिकला अँजिओप्लास्टी झाली, नाना घरी आले. ट्रॅक्टर मात्र शेडमध्ये गेला तो गेलाच. मी म्हणालो, "नाना, पुढच्या वेळी येतो तेव्हा बघतो."

मंडळी, 'बघतो' हे मराठीतलं सगळ्यात धोकादायक क्रियापद आहे.

कारण पुढची वेळ आली आणि गेली. दिवाळी झाली, रिलीज झाली, अप्रेझल झालं. २०२४ च्या खंडेनवमीला आईने त्या बंद ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी छान अँगल साधून फोटो काढला आणि इन्स्टावर टाकला. 'रूट्स' असं कॅप्शन. लाइक्सचा पाऊस! हार घातला, फोटो काढला, पण ऑइलची पट्टी काही कोणी बाहेर ओढून बघितली नाही. मी तर नाहीच.

खरा पाऊस त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पडला. ज्यांना द्राक्षाचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर कोवळी फूट आणि बारीक घड बाहेर येतात, आणि नेमका तेव्हाच पाऊस आला तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, टपूनच बसलेला असतो. फवारणी त्याच दिवशी लागते. उद्या चालत नाही. आमचा ट्रॅक्टर बंद, म्हणून शेजाऱ्यांचा भाड्याने. आता शेजारी कितीही चांगले असले तरी आधी स्वतःची बाग मारणार ना? आमचा नंबर दोन दिवसांनी लागला. एका कोपऱ्यातले घड करपले ते करपलेच. नाना फोनवर एवढंच म्हणाले, "थोडं गेलं." त्या 'थोडं'चा हिशोब मी विचारला नाही. पैसे पाठवले. आपल्याला ते जमतं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मात्र मी ठरवलं. यंदा छाटणीच्या आत ट्रॅक्टर चालू करायचाच. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो. डिकीत नवी बॅटरी, डोक्यात यूट्यूबचे चार व्हिडिओ. प्लॅन सोपा होता. शनिवारी सकाळी बॅटरी बसवायची, चावी फिरवायची, दुपारी मांडे नाहीतर मिसळ.

शेडमध्ये गेलो तर ट्रॅक्टरच्या सीटवर कोंबडी बसलेली. बॉनेटवर आईने मिरच्या वाळत घातलेल्या. पुढचं एक टायर पार बसलेलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरावी तसा थर. मी टर्मिनल खरवडले, बॅटरी जोडली आणि चावीला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला, "हां हां, थांबा!"

पिंपळगावहून नानांनी बोलावलेले मिस्त्री. साठीचे, बारीक अंगाचे, खिशात चष्मा आणि एक कळकट फडकं. म्हणाले, "आधी बघू. चावी सगळ्यात शेवटी."

आणि मग त्यांनी पुढचे दोन तास फक्त बघितलं. ऑइलची पट्टी ओढली. डांबरासारखं काळं. ते फडक्यावर घेऊन दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "पाणी शिरलेलं नाही, नशीब." मग पुलीला हात घालून इंजिन हातानेच हळूच फिरवलं. दोन वर्षं उभ्या इंजिनात पिस्टन गंजून अडकला असेल आणि आपण थेट स्टार्टर मारला, तर पाच हजारांचं काम पन्नास हजारांवर जातं, हे मला तेव्हा कळलं. यूट्यूबवाल्याने ते सांगितलं असेलही. मी तो भाग पुढे ढकलला होता.

मग एकेक निघत गेलं. हवेच्या फिल्टरच्या वाटीत तेल असतं, त्यात धूळ अडकते. तिथे तेल नव्हतंच, चिखलाची वडी होती. रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी गच्च बसलेलं. वायरिंग उंदरांनी मनापासून खाल्लेलं. डिझेलची टाकी अर्धी रिकामी. अर्ध्या रिकाम्या टाकीत आतल्या हवेतली वाफ थंडीत धरते, पाणी होऊन खाली बसतं आणि गंज धरतो, म्हणून गाडी फार दिवस उभी करायची तर टाकी भरून करायची. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "गाडी वापरून जेवढी खराब होत नाही ना, तेवढी उभी राहून होते."

दुपारपर्यंत जुनं डिझेल, जुनं ऑइल, सगळे फिल्टर बाहेर. पाइप बदलले. मग 'एअर काढायचा' कार्यक्रम. डिझेलच्या लाइनमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर इंजिन नुसतं खोकत राहतं. फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, फुरफुर आवाज होतो, आणि मग अखंड धार लागली की बोल्ट आवळायचा. मी पंप मारत होतो. ढोपरापर्यंत डिझेल. ऑफिसचे तीन मिस्ड कॉल. खरं सांगू? गेल्या कित्येक महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

चार वाजता इंजिन धडधडलं. आधी पांढरा धूर, मग काळा, मग एकदम लयीत. आई ओट्यावरून पदर डोळ्याला लावत बघत होती. मी विजयी मुद्रेने क्लच दाबून गिअर टाकला... आणि कर्रर्र! गिअर पडेना. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. मिस्त्रींनी इंजिन चांगलं गरम होऊ दिलं, मग बंद केलं, क्लच पूर्ण दाबून पेडलला लाकडाचा ठोकळा अडकवला आणि म्हणाले, "राहू द्या रात्रभर. उद्या बघू."

म्हणजे हीरोगिरी रविवारवर गेली.

संध्याकाळी पाने-स्क्रू आवरायला मी ट्रॅक्टरचा पत्र्याचा टूलबॉक्स उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला नानांचं अक्षर. पांढऱ्या ऑइलपेंटच्या बारीक ब्रशने आखलेले तीन रकाने, तारीख, तास, काम, आणि खाली पेन्सिलीच्या ओळीच ओळी. मीटरवरचे तास आणि पुढे 'ग्रीस', 'हवा फिल्टर', 'ऑइल बदल', 'पट्टा ताणला'. दर दहा-पंधरा दिवसांनी एक ओळ. जागा संपली तिथे कागद चिकटवलेला. आठ वर्षांत एक खाडा नाही. मी आमच्या कंपनीत ज्याला 'प्रोसेस' म्हणतो आणि ज्यासाठी चार मीटिंगा घेतो, ते इथे एका झाकणावर मावलं होतं.

शेवटची ओळ होती: १२ डिसेंबर २०२२. १,८४६ तास. ग्रीस.

मी मीटर बघितलं. २,०३१. म्हणजे मधे १८५ तास ट्रॅक्टर चालला होता, फवारण्या झाल्या होत्या, मळणीचा नाही पण मालाचा अख्खा सीझन गेला होता आणि झाकणावर एक ओळही नव्हती. मला वाटलं, एखादा कागद गळून पडला असेल. खाली शोधला. नव्हता.

अटॅक आला मे महिन्यात. ओळी थांबल्या डिसेंबरमध्ये.

रात्री जेवण झाल्यावर नाना ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी विचारलं, "नाना, डिसेंबरपासून लिहायचं का सोडलं?"

बराच वेळ अडकित्ता चालू राहिला. मग म्हणाले, "लिहायचं नाही सोडलं. करायचंच सोडलं. ग्रीस मारायला उकिडवं बसावं लागतं. बसलं की दम लागायचा. उठताना छातीत भरून यायचं. म्हटलं, थंडी आहे. गडी चालवायचा ट्रॅक्टर, त्याला कोण सांगणार ग्रीस मार म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू फोन करायचास. 'बरंय ना?' म्हणायचास. मी म्हणायचो, 'बरंय.'"

यात रागाचा सूर अजिबात नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी दर रविवारी फोन करत होतो. एकही रविवार चुकवला नव्हता, याचा मला अभिमान होता. पण 'बरंय ना?' हा प्रश्नच नव्हे हो. त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. ते म्हणजे लांबून ट्रॅक्टरकडे बघून 'उभा आहे ना?' म्हणण्यासारखं आहे. पाच महिने जे मला कळलं नाही, ते त्या पत्र्याच्या झाकणाला कळलं होतं.

थोड्या वेळाने नानाच म्हणाले, "आपल्याकडे बैल होते तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून खांदे मळायचो. लोकांना तेवढंच दिसतं. पण रोज जू उतरवलं की खांद्यावर हात फिरवायचोच ना. कुठं गरम लागतंय, कुठं सोललंय. त्याला कोणी सण म्हणत नाही."

रविवारी सकाळी ठोकळा काढला, इंजिन चालू केलं, मिस्त्रींनी क्लच दाबला आणि आत कुठेतरी 'खट्' झालं. गिअर लोण्यासारखा पडला. ट्रॅक्टर शेडबाहेर आला. कोंबडीने निषेध नोंदवला. मी अंगणात एक चक्कर मारली, आणि हो, व्हिडिओ काढला नाही.

एकूण खर्च बॅटरी धरून चौदा हजारांच्या आत. मिस्त्रींनी जाताना हिशोबाच्या कागदामागे यादी लिहून दिली. रोज चालू करण्याआधी ऑइल, पाणी आणि हवा फिल्टर बघायचं. आठवड्याला ग्रीस आणि टायरची हवा. ऑइल कितव्या तासाला बदलायचं ते कंपनीच्या पुस्तकात. काम नसलं तरी पंधरा दिवसांतून एकदा चालू करून बागेला एक फेरी मारायची. "पाच मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. "पण पाच मिनिटं रोज, हेच अवघड असतं."

आता ग्रीस मारायला गड्याला शिकवलंय. झाकणावर नवा कागद चिकटवलाय. पहिली ओळ माझ्या अक्षरात आहे, पुढच्या नाना बसल्या जागेवरून सांगतात आणि आई लिहिते. दर शनिवारी त्या कागदाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर येतो. त्या वर्षीच्या छाटणीनंतर फवारणी आमच्या वेळेला झाली. पाऊस काही आमच्या ट्रॅक्टरला घाबरून थांबला नाही, पण आमचा नंबर पहिला होता.

आणि फोन? रविवारचा फोन चालू आहे, प्रश्न बदललेत. "सकाळी मळ्यापर्यंत चाललात का? मधे किती वेळा थांबलात? गोळ्यांचं पाकीट संपायला किती दिवस राहिले?" सुरुवातीला नाना वैतागायचे. "तू काय मिस्त्री आहेस का?" आता आकडे तयार ठेवतात. गेल्या आठवड्यात म्हणाले, "एकदाच थांबलो. तेसुद्धा शेजारी भेटला म्हणून."

मग त्यांनी मला विचारलं, "तुझं काय? झोपतोस किती? आणि त्या तुझ्या गाडीचं तेल बघितलंस का?"

मी सवयीने म्हणालो, "बघतो."

पलीकडून काही आवाज नाही. नाना वाट बघत होते. मी चपला घातल्या, चावी घेतली आणि फोन कानाला तसाच लावून खाली पार्किंगमध्ये गेलो.