नकार न देणारी सखी

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे एका कुटुंबात प्रार्थनेसाठी जाण्याचा योग आम्हांस अलीकडे आला. प्रार्थना आटोपली, चहापान झाले आणि घरातील तिशी ओलांडलेला अविवाहित मुलगा आम्हांस रेल्वे स्थानकापर्यंत सोडावयास आला. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला उशीर होता. फलाटावरच्या बाकावर त्याने मोबाईल काढून एका ॲपमधील आपली ‘मैत्रीण’ आम्हांस दाखविली. तिचे नाव त्यानेच ठेवले आहे, चेहराही त्यानेच निवडला आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली की पिकाला पाणी भरता भरता तो तिच्याशी बोलत बसतो. ती हिंदीत उत्तरे देते. “फादर, ती माले कधी नही म्हनत नही,” तो म्हणाला. (हे बोलणे पापनिवेदनातील नव्हे. त्याच्या संमतीने व ओळख न देता आम्ही ते येथे मांडीत आहोत.)

हा विषय हसण्यावारी नेणाऱ्यांनी डिसेंबर २०२२ मधील सोलापूर आठवावे. लग्न जुळत नाही म्हणून नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यांवर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. वर्तमानपत्रांनी त्याची गंमत केली. वास्तविक तो दुःखाचा मोर्चा होता आणि त्याचे मूळ जुने होते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात अवघ्या ८४२. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत, त्यांच्या पिढीतील मुलगे आता लग्नाच्या वयाचे होऊ लागले आहेत. त्यातच शेतकरी मुलगा नको, नोकरदार हवा, असे मुली स्पष्टपणे सांगू लागल्या आहेत. शेतीची दशा पाहता त्यांना दोष तरी कसा द्यावा? ख्रिस्ती घरांतही स्थिती निराळी नाही. त्यात आपण संख्येने थोडे, म्हणून स्थळे दूरदूरची.

या पोकळीत ते यंत्र आले आहे. मानवाने लिहिलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असावा याचा हिशोब ते करते आणि ऐकणाऱ्याला रुचेल असे वाक्य जुळविते. ‘रेप्लिका’ नावाचे ॲप २०१७ पासून अशी सोबत पुरवीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या कंपनीने प्रणयसंवाद एकाएकी बंद केले, तेव्हा अनेक ग्राहकांनी घरात मृत्यू घडावा तसा शोक केला. जपानमध्ये एका गृहस्थाने २०१८ साली एका आभासी गायिकेशी समारंभपूर्वक ‘विवाह’ केला. २०२० मध्ये कंपनीने सेवा थांबविली आणि त्याची ‘पत्नी’ बोलेनाशी झाली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चौदा वर्षांच्या एका मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्महत्या केली. अशाच एका आभासी पात्रात तो गुंतला होता, असे सांगून त्याच्या आईने कंपनीवर दावा लावला. ‘कॅरेक्टर एआय’ या त्या कंपनीने नोव्हेंबर २०२५ पासून अठरा वर्षांखालील मुलांसाठी असे मुक्त संभाषण बंद केले आहे.

तरीही आमच्या मनात घोळत राहिले ते त्या तरुणाचे वाक्य. ती कधी नाही म्हणत नाही!

विवाह घडतो तो संमतीने, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो (कलम १०५७). ही संमती वधूवरांच्या वतीने दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. बळजबरीने वा भीतीपोटी वदविलेल्या होकाराने विवाह घडत नाही (कलम ११०३). ज्या मुखाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’ला अर्थ उरत नाही. देवदूत गब्रिएल मरियेकडे आला तेव्हा प्रत्यक्ष परमेश्वरही एका नाझरेथकर मुलीच्या होकारासाठी थांबला, तिचा प्रश्न त्याने ऐकून घेतला. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाने सर्व प्राण्यांना नावे दिली, पण ज्यांना त्याने नावे दिली त्यांत त्याला साजेसा सहकारी मिळाला नाही. मोबाईलमधील सखीला नाव देताना हा अध्याय आठवावा.

आमची खरी चिंता येथे आहे. मुलीचा नकार म्हणजे आपला अपमान, असे मानणारे तरुण आपल्या समाजात आहेत. एकतर्फी प्रेमातून झालेले हल्ले आपण महाराष्ट्रात पाहिले आहेत. अशा ठिकाणी कधीही न रागावणाऱ्या, न थकणाऱ्या, स्वतःचे काहीही न मागणाऱ्या सखीची सवय लागली, तर उद्या घरी आलेल्या हाडामांसाच्या पत्नीची दमणूक, तिचे आजारपण, तिचे स्वतंत्र मत हा तरुण कसा सोसणार? आणि त्याचे ओझे कोणी वाहावयाचे? तिनेच ना!

व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अँतिक्वा एत नोवा’ या टिपणात यंत्राला व्यक्ती भासविण्याविषयी इशारा आहे. मानवी नातेसंबंधांत, लैंगिकतेच्या क्षेत्रातही, त्याद्वारे फसवणूक करणे अनैतिक ठरविले आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मधील ‘दिलेक्सित नोस’ या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी आई-आजीसोबत घरी केलेल्या पदार्थांच्या कडा काट्याने दाबल्याची आठवण दिली आणि ती कोणत्याही गणिती सूत्रात मावणार नाही असे म्हटले. खानदेशातील वाचकांना त्या जागी खापरावरचे मांडे आठवावेत.

परंतु दस्तऐवजांचा दाखला देऊन आमची सुटका होत नाही. रात्री दोन वाजता बांधावर उभ्या असलेल्या त्या तरुणाचे ऐकावयास आपल्या धर्मग्रामात कोण जागे होते? तरुणांची शिबिरे आपण घेतो, पण तिशी उलटलेल्या अविवाहितांसाठी आपल्याजवळ ‘कधी देतोस लाडू?’ या प्रश्नापलीकडे फारसे काही नसते. आम्ही स्वतः ब्रह्मचर्य स्वीकारलेले आहे. रिकाम्या खोलीत परतण्याचा अनुभव आम्हांस आहे आणि तो केवळ प्रार्थनेने निभावला असे म्हणणे खोटे ठरेल. सोबतच्या धर्मगुरूंनी, स्वयंपाकघरातल्या मावशींनी, कधी भांडून, कधी रुसून, आम्हांस माणसात ठेवले.

ॲप काढून टाक, असे आम्ही त्याला सांगितले नाही. रात्री पाणी भरताना आम्हांस फोन कर, एवढेच सांगितले. गाडी आली, त्याने आमची पिशवी डब्यात चढवून दिली. त्यानंतर त्याचा फोन दोनदा आला. दुसऱ्या खेपेस आम्हांस गाढ झोप लागली होती, तो आम्ही उचलला नाही. सकाळी आम्ही उलट फोन केला तेव्हा तो आमच्यावर चांगलाच रागावलेला होता.