धुऱ्यावर फेकलेली पुडी

परवा मारेगावात एका झेरॉक्सच्या दुकानात बसलो होतो. सातबारा काढायला, अर्ज भरायला आलेल्यांची रांग दारापर्यंत आणि संगणक ठप्प. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला होता. एकही फाइल उघडेना. दुकानदार पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "काका, अँटिव्हायरस टाकला होता ना!" चौकशी केली तेव्हा कळले, की विंडोज चोरीची आणि अँटिव्हायरसही चोरीचाच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरे काय!

पण त्या पोराला हसण्याचा मला अधिकार नाही. १९९०च्या दशकात आमच्या बँकशाखेतल्या एकुलत्या एका पीसीत असाच कुठल्याशा फ्लॉपीतून व्हायरस आला आणि महिनाअखेरची सगळी विवरणपत्रे गेली. शाखा मात्र बंद पडली नाही, कारण हाताने लिहिलेली लेजरे कपाटात शाबूत होती. त्या दिवशी आम्हाला तारले ते अधिक चांगल्या यंत्राने नव्हे, तर वेगळ्या साधनाने.

आता ते कपाट राहिले नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातल्या दोन लाखांहून अधिक संगणकांना कुलूप घालून खंडणी मागितली. विंडोजमधले ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. असंख्यांनी ती बसवलीच नव्हती. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'ने त्याच छिद्राचाही आधार घेतला आणि न्हावा-शेवा बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम खोळंबले. पुढच्यास ठेच लागूनही मागचा शहाणा झाला नाही.

एवढी पडझड इतक्या झपाट्याने का होते? कारण घरोघरी, कचेरीकचेरीत प्रणाली एकच. यवतमाळच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. त्याच २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी पोखरली. २००२ साली बीटी कापूस आला आणि बघता बघता शिवारात दुसरे काही उरले नाही. अळी त्या विषाला सरावली आणि तिला अडवणारे कुणी राहिले नाही. बीटीच्या पाकिटासोबत बिगरबीटी सरकीची पुडी मिळत असे, कडेला आश्रयपीक लावण्यासाठी. कित्येकांनी ती धुऱ्यावर फेकली. अळीचे आणि संगणकाचे शास्त्र निराळे आहे, पण माणसाची चूक तीच.

संगणकातही अशी पुडी आहे. लिनक्स. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा रचायला घेतला. ती फुकट मिळते, म्हणजे चोरीची गरजच नाही. सी-डॅकने तिच्यावर 'बॉस' ही भारतीय प्रणाली उभारली. केरळच्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर शिकत आहेत. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे सहसा चालत नाही.

म्हणून लिनक्स अभेद्य आहे, असे नव्हे. २०२४ साली तिच्यातल्या 'एक्सझेड' या साधनात कुणीतरी पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो एका सावध अभियंत्याच्या नजरेस पडला म्हणून निभावले. अडचणीही आहेत. जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर धड उमटत नाही, एखादा प्रिंटर रुसतो, काही कामे विंडोजविना होत नाहीत. सगळ्यांनी उद्यापासून विंडोज टाकावी, असा माझा आग्रह मुळीच नाही. सगळेच लिनक्सवर गेले, तर पुन्हा शिवार एकाच वाणाचे! माझे म्हणणे एवढेच, की तीन संगणक असतील तिथे एक तरी वेगळा असावा. परके पेनड्राइव्ह त्यावर आधी उघडावेत. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी काढून यंत्रापासून सुटी ठेवावी, आमच्या लेजरांसारखी. आणि दोन्ही प्रणालींच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात.

निघताना पाहिले, त्या पोराच्या दुकानात कोपऱ्यात एक जुना संगणक धूळ खात पडला होता. "भंगारात द्यायचा आहे," तो म्हणाला. मी म्हटले, "थांब जरा. तीच तुझी पुडी आहे."