दंडात सुई, तिजोरीत नफा

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी अमेरिकन बेसबॉलचे कीर्तिमंदिर आहे. थोर खेळाडूंची आणि खेळाच्या धुरीणांची नावे तेथे धातूच्या पाट्यांवर कोरली जातात. २०१६ साली या मंदिराने दोन निकाल दिले. वर्षारंभी मार्क मॅग्वायर या खेळाडूची निवडीची दहावी आणि अखेरची संधी हुकली. १९९८ च्या हंगामात ७० वेळा चेंडू कुंपणापार धाडून त्याने ३७ वर्षांचा विक्रम मोडला होता. परंतु त्या काळात आपण स्टेरॉइड घेत होतो, अशी कबुली त्याने २०१० मध्ये दिली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बड सीलिग यांची मात्र सन्मानपूर्वक निवड झाली. सीलिग हे मिलवॉकी क्लबचे मालक होते आणि १९९२ पासून २०१५ च्या आरंभापर्यंत या धंद्याचे सर्वोच्च सूत्रधार, म्हणजे आयुक्त होते. उत्तेजक द्रव्यांचा सुकाळ झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. ज्याने सुई टोचून घेतली तो कलंकित ठरला आणि ज्यांच्या देखरेखीखाली त्या सुईतून अब्जावधी डॉलर निर्माण झाले ते कीर्तिमान ठरले. भांडवलशाही नीतिमत्तेचा याहून स्पष्ट नमुना शोधावा लागणार नाही.

आमच्या बहुसंख्य वाचकांनी बेसबॉलचा सामना कधी पाहिलेला नसेल. अमेरिकेतील कोट्यधीश खेळाडूंच्या व्यसनांशी आपल्याला काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. परंतु हा प्रश्न व्यसनाचा नाही आणि केवळ क्रीडानीतीचाही नाही. तो श्रमाचा प्रश्न आहे. श्रमिकाच्या शरीरातून अधिकाधिक काम पिळून काढण्याचा आहे, आणि त्या पिळवणुकीपुढे एका बलाढ्य कामगार संघटनेने काय केले व काय केले नाही, याचा आहे. म्हणून या अनुभवाची चिकित्सा आपणही केली पाहिजे.

ही संघटना लेचीपेची नव्हती. पूर्वी बेसबॉलचा करार असा असे की एकदा एका क्लबकडे सही केली की खेळाडू जणू त्याच क्लबच्या मालकीचा होई. मालकाने विकल्याखेरीज त्याला दुसरीकडे जाता येत नसे. कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने या वेठीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. पोलाद कामगारांच्या चळवळीतून आलेल्या मार्विन मिलर यांनी मात्र खेळाडूंना संघटनेचा अर्थ शिकविला आणि १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने ती वेठ मोडली. पुढे १९८५ नंतर मालकांनी संगनमत करून पगार दाबून धरले. ते उघडकीस येऊन १९९० मध्ये त्यांना २८ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पगारावर कमाल मर्यादा घालण्याचा मालकांचा डाव हाणून पाडण्यासाठी खेळाडूंनी संप पुकारला. त्या वर्षीची अंतिम स्पर्धाच रद्द झाली. २३२ दिवसांनी, न्यायालयाने मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिल्यानंतर, संप मिटला. कमाल मर्यादा काही आली नाही.

संपानंतर प्रेक्षक रुसले होते, क्रीडांगणे ओस पडली होती. ती पुन्हा भरली १९९८ च्या उन्हाळ्यात. मॅग्वायर आणि डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेला सॅमी सोसा यांच्यात उत्तुंग फटक्यांची चुरस लागली. त्या ऑगस्टमध्ये एका वार्ताहराने मॅग्वायरच्या कपाटातील अँड्रोस्टेनडायोनच्या बाटलीची बातमी दिली. ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये निषिद्ध असलेले हे द्रव्य त्या वेळी बेसबॉलमध्ये चालत होते आणि दुकानातही राजरोस विकले जात होते. बातमीनंतर टीकेचा भडिमार झाला तो वार्ताहरावरच. खेळ चालू राहिला. दूरचित्रवाणीचे करार वाढले, अनेक शहरांत जनतेच्या कराच्या पैशातून नवी क्रीडांगणे उभी राहिली. सीलिग सूत्रे घेत असताना या धंद्याचे वार्षिक उत्पन्न सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास होते. २००७ मध्ये ते सहा अब्जांवर गेले.

मालकांना काही ठाऊक नव्हते, हे म्हणणे टिकणारे नाही. १९९० च्या कायद्याने अमेरिकेत स्टेरॉइड ही नियंत्रित द्रव्ये ठरली. १९९१ मध्ये तेव्हाच्या आयुक्तांनी सर्व क्लबांना पत्र धाडून ती बेसबॉललाही वर्ज्य असल्याचे कळविले. परंतु चाचणी नव्हती, चौकशी नव्हती. बंदी कागदावर राहिली आणि फटके कुंपणापार जात राहिले.

आता खेळाडूच्या बाजूने पाहू. मेजर लीगच्या हंगामात प्रत्येक संघाला सुमारे सहा महिन्यांत १६२ सामने खेळावे लागतात. त्या काळी तीस संघांत मिळून कायम जागा होत्या साडेसातशे, आणि खालच्या मायनर लीगमध्ये त्या जागांकडे डोळे लावून हजारो तरुण उभे होते. १९९८ मध्ये मेजर लीगमधील किमान वार्षिक वेतन १,७०,००० डॉलर होते. एक पायरी खाली उतरले की हाती येई त्याचा अल्पसा अंश. अशा उतरंडीवर उभ्या असलेल्या माणसाला स्टेरॉइड काय देते? स्नायूंचे बळ तर देतेच, पण थकलेले, दुखावलेले शरीर लवकर पुन्हा कामावर उभे करते. केन कॅमिनिटी या खेळाडूने २००२ मध्ये सांगितले की १९९६ साली खांद्याला दुखापत झाली असता तो स्टेरॉइडकडे वळला. त्याच हंगामात तो आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २००४ मध्ये ४१ व्या वर्षी तो वारला. त्याच्या मृत्यूचे मुख्य कारण अमली पदार्थ हे होते. मात्र हृदयविकार व वाढलेले हृदय यांचीही नोंद शवचिकित्सेत झाली.

एकाने सुई घेतली की त्याच्या जागेसाठी झगडणाऱ्या दुसऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: आपणही घेणे किंवा घरी जाणे. मुंबईच्या गिरणी कामगाराला हा हिशेब नव्याने सांगावयास नको. दोन मागांऐवजी तीन माग चालविण्याची सक्ती झाली तेव्हा १९२८ मध्ये तो संपावर गेला. कारण एकाने तिसरा माग पत्करला की शेजाऱ्याची नोकरी जाते, हे त्याला उमगले होते. बेसबॉलमधील तिसरा माग सुईच्या रूपाने आला, एवढाच फरक.

या उतरंडीच्या तळाशी जी मुले आहेत त्यांची कथा अधिक करुण आहे. डोमिनिकन रिपब्लिक या छोट्या, गरीब देशात अमेरिकन क्लबांनी आपल्या प्रबोधिनी थाटल्या आहेत. तेथील मुलाला सोळाव्या वर्षी करारबद्ध करता येते. त्याआधी त्याला घडविणारे खाजगी दलाल असतात; कराराच्या रकमेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक ते घेतात. मुलाचा चेंडू जितका वेगवान, तितकी रक्कम मोठी. शाळा सुटलेली, घर मुलाच्या सहीकडे डोळे लावून बसलेले. जनावरांसाठी बनविलेली स्टेरॉइड मुलांना टोचल्याच्या वार्ता याच देशातून आल्या. वाढत्या वयात ही द्रव्ये हाडांची वाढ अकाली थांबवू शकतात, यकृत आणि हृदय यांना अपाय करतात. सोळा वर्षांच्या मुलाने हे स्वेच्छेने केले, असे म्हणावयास कोण धजेल?

मालकांचा दोष असा उघड आहे. परंतु तेथेच थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक होईल. खेळाडूंच्या संघटनेने दीर्घकाळ चाचणीला विरोध केला. त्या विरोधाला आधार नव्हता असे नाही. संशयाला जागा नसताना कामगाराच्या शरीराची झडती घेण्याचा अधिकार मालकाला का असावा, हा प्रश्न रास्त होता. संगनमताने पगार दाबणाऱ्यांच्या हाती खेळाडूंचे वैद्यकीय अहवाल द्यावेत तरी कसे? पुढे २००३ मध्ये नावे गुप्त राहतील या बोलीवर सर्वेक्षण-चाचणी झाली, आणि २००४ मध्ये सरकारी यंत्रणेने ते अहवाल जप्त केले. जप्ती बेकायदा असल्याचे अपील न्यायालयाने म्हटले, परंतु तोवर काही नावे फुटली होती. संघटनेची भीती अशी खरी ठरली.

तरीही संघटनेची चूक झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००२ मध्ये 'यूएसए टुडे' या वृत्तपत्राने साडेपाचशेहून अधिक खेळाडूंना विचारले असता ७९ टक्के खेळाडूंनी स्वतंत्र चाचणीस अनुकूलता दर्शविली होती. २००३ च्या वसंतात शिकागो व्हाइट सॉक्स संघातील काही खेळाडू चाचणी नाकारण्याचा विचार करीत होते. सुई लपविण्याचा त्यांचा हेतू नव्हता. नकार हा दोष मानला जाणार होता, आणि दोषींचे प्रमाण पाच टक्क्यांवर गेले तरच नियमित चाचणी सुरू होणार होती. अखेर त्यांनी चाचणी दिली. पण स्वतःवर डाग ओढवून घेऊन चाचणी आणण्याचा विचार ज्या सभासदांच्या मनात यावा, त्यांच्या मनातले संघटनेने ऐकले नव्हते, हे उघड आहे. तिने पगाराचे रक्षण केले. शरीराचे केले नाही. सुई न घेणारा सभासद आपली जागा गमावीत होता, आणि त्याची बाजू मांडणारे संघटनेत कोणी नव्हते.

ही पोकळी मालकांनी भरली. सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा ४०९ पानांचा अहवाल २००७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. स्वतः मिचेल हे बॉस्टन क्लबच्या संचालकांपैकी होते. सर्वांनीच डोळेझाक केल्याचे अहवाल म्हणतो खरा; परंतु नावे झळकली ती सुमारे ८९ खेळाडूंची. आजही शिक्षेचा क्रम असा आहे: पहिल्या वेळी ८० सामने, दुसऱ्या वेळी १६२, तिसऱ्या वेळी आजन्म बंदी, आणि तीही बिनपगारी. २०१४ मध्ये अलेक्स रॉड्रिग्जला संपूर्ण हंगाम बाहेर बसविले तेव्हा त्याच्या पगारातील दोन कोटींहून अधिक डॉलर क्लबच्या तिजोरीतच राहिले. म्हणजे गुन्हा पकडला गेला तरी लाभ मालकाचाच!

यातून वाट कोणती? चाचणी रद्द करणे ही खचितच नव्हे. चाचणी हवी, परंतु ती मालकांच्या हातची छडी असू नये. तिच्यावर संघटनेची देखरेख असावी आणि अहवाल मालकाच्या दप्तरी जाऊ नये. खेळाडू दोषी ठरला तर त्याचा कापलेला पगार क्लबकडे न राहता तरुण खेळाडूंच्या वैद्यकीय निधीत जावा आणि क्लबलाही दंड व्हावा. सामन्यांची संख्या घटवावी. डोमिनिकन मुलांच्या शिक्षणाची आणि प्रकृतीची जबाबदारी त्यांना करारबद्ध करणाऱ्यांवर टाकावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खालच्या पायरीवरच्या माणसाला पोटभर वेतन मिळावे. ते नसेल तर कोणतीही चाचणी सुईला पुरी पडणार नाही.

या शेवटच्या बाबतीत एक आशादायक घटना घडली आहे. २०१८ मध्ये मालकांनी अमेरिकन संसदेकडून कायदा करवून घेऊन मायनर लीगच्या खेळाडूंना जादा कामाच्या मोबदल्याच्या संरक्षणातून वगळविले होते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हे खेळाडू मेजर लीगच्या संघटनेत सामील झाले. २०२३ च्या त्यांच्या पहिल्या सामुदायिक करारात सर्वांत खालच्या गटाचे वार्षिक वेतन ४,८०० डॉलरवरून १९,८०० वर गेले, सर्वांत वरच्या गटाचे १७,५०० वरून ३५,८०० वर. जे काम इतकी वर्षे नीतीच्या प्रवचनांनी झाले नाही त्याचा आरंभ एकजुटीने झाला.

आमच्या कार्यकर्त्यांनी यातून एक धडा घ्यावा. सुरक्षिततेची आणि आरोग्याची मागणी ही मालकाने कामगारावर लादण्याची शिस्त नव्हे. ती कामगाराची स्वतःची पहिली मागणी आहे. आपल्या सनदेत ती पगारवाढीच्या खाली, शेवटच्या कलमात टाकली जात असेल, तर ते कलम वर आणले पाहिजे. संघटना जेथे सभासदाच्या शरीराची चौकी सोडते, तेथे मालक पहारेकरी म्हणून येऊन उभा राहतो; आणि त्याचा पहारा कोणासाठी असतो, हे कूपर्सटाउनच्या भिंतीवर कोरलेले आहे.